झाडीपट्टीत नाटक बघायला यायचं तर पाहुणे होऊन या

तुमचा प्रश्न असा, की दिवाळीनंतर आठ-दहा दिवस पुण्याहून पूर्व विदर्भात यायचं आहे, झाडीपट्टीतली ‘खरी’ लोककला बघायची आहे, तिथलं जेवण जेवायचं आहे. पण तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, की आता तिकडं सगळं कंपन्यांचं धंदेवाईक नाटक झालंय, मूळचं काही उरलं नाही. मग यावं की नाही? आणि यायचं तर कुठं?

या. मात्र ‘मूळचं’ आणि ‘धंदेवाईक’ असे दोन कप्पे करून येऊ नका, नाहीतर दोन्ही हातचं जाईल. मी इथल्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. त्याआधी गावच्या भजन मंडळात पेटीवर होतो, दंडारीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, ढोलकीवर होतो. आमच्या बहुतेक वादकांचा रस्ता असाच आहे. ज्या माणसाला तुम्ही रात्री दोन वाजता मंचासमोर ऑक्टोपॅड बडवताना बघाल, तो सकाळी गावच्या काकड्याला टाळ घेऊन उभा असू शकतो. त्याला विचारलंत की यातलं लोककला कोणतं, तर तो तुमच्याकडं बघत राहील.

आधी प्रदेश समजून घ्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे, चंद्रपूरचा ब्रह्मपुरी-नागभीड-सिंदेवाही-मूलकडचा भाग आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा काठ, एवढी ही झाडीपट्टी. मधून वैनगंगा वाहते. पश्चिम विदर्भ म्हटलं की कापूस आठवतो, इकडं आलं की धान, म्हणजे भात. धानासाठी पाणी हवं, म्हणून गावोगावी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगितला जातो. पुढं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, आली नि गेली, आणि सरकारी कागदावर या तलावांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ पडलं. लोक सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. तलावाखाली बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, बांध्यांच्या पलीकडं जंगल. आमचं खाणं, गाणं, पाहुणचार सगळं या तीन गोष्टींतून येतं.

त्यामुळं कधी यावं हे कॅलेंडर बघून ठरवू नका, धान बघून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा गावात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. बांधीत ओळीनं वाकलेल्या बायांची गाणी मात्र तेव्हाच ऐकायला मिळतात. त्यांना मंच नाही, माइक नाही, आणि तुमच्यासाठी कुणी थांबून गाणारही नाही. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान दिवाळीच्या आसपास कापणीला येतो, उशिरा पिकणारा भारी धान नोव्हेंबर-डिसेंबरात. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचले गेले, मळणी झाली, थोडा पैसा हाती आला, की मग गाव मोकळं होतं. भाऊबीजेपासून मंडई सुरू होते आणि नाटकाचा हंगाम होळीपर्यंत चालतो. डिसेंबर-जानेवारीत तर अशी स्थिती असते की एकाच रात्री शेजारच्या तीन गावांत तीन नाटकं, आणि कधी एकाच गावात दोन मंडळांची दोन.

तुम्ही दिवाळीनंतर लगेच येताय, तर मंडई सापडेल. मंडई म्हणजे गावचा एक दिवसाचा मेळा. प्रत्येक गावचा दिवस ठरलेला असतो, आज इथं, उद्या शेजारच्या गावी. दुकानदार, खेळणीवाले, पाहुणे सगळे तसे फिरत राहतात. मंडईत गोवारी समाजाची मंडळी नाचत येतात. गुरं राखणारा हा समाज. मोरपिसांची ढाल नाचवत, डफ-बासरीच्या तालावर दोहे म्हणत ते गावातून फिरतात. त्यांच्याकडं रंगीत देखावा म्हणून बघू नका. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात आपल्या मागण्या घेऊन गेलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 गोवारी गेले. बाया-पोरं बरीच होती त्यात. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. इथल्या म्हाताऱ्या गोवाऱ्यांना मंडईच्या दिवसांत ती आठवण येतेच.

मंडईच्या रात्री दंडार. अभ्यासक तिचे बैठी, खडी, परसंगी असे प्रकार सांगतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांच्या अभ्यासात आयुष्य घातलं, त्यांचं लिखाण मिळालं तर येण्याआधी जरूर वाचा. बघणाऱ्याच्या दृष्टीनं सांगायचं तर गण होतो, गवळण होते, मग परसंगी दंडारीत रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग उभा राहतो. सगळे पुरुष, बायांची कामंही तेच करतात. तिकीट नाही. ज्याच्या अंगणात किंवा ज्या चौकात रंगली तिथं पहाटेपर्यंत. संवाद बरेचसे आयत्या वेळचे. गावचा सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, कुणीही रावणाच्या तोंडून सोलून निघतो आणि समोर बसून हसतो. खडी गंमत तिच्याहून चपळ असते. शाहीर, ढोलक्या, नाच्या आणि एक हसवणारा, एवढ्यावर ती उभी राहते, खऱ्या अर्थानं उभी, कारण सगळे उभ्यानंच गातात. शाहिराच्या आवाजात दम नसेल तर मात्र खडी गंमत अर्ध्या तासात बसते. लोक तोंडावर सांगतात, आवरा.

आता नाटकाबद्दल, कारण तुमची खरी शंका तिथं आहे.

वडसा म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्हा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं स्टेशन. नाट्य कंपन्यांचं हे ठाणं. हंगाम आला की इथं कंपन्यांची बुकिंग कार्यालयं उघडतात, बाहेर मोठाले फ्लेक्स लागतात, नाटकाचं नाव, कलावंतांचे फोटो, मध्ये एखादा मुंबई-पुण्याचा मालिकेतला चेहरा. गावातलं नाट्य मंडळ येतं, तारीख ठरवतं, इसार देतं. पुढं मंडप, तिकीट विक्री, जाहिरात, सगळी जोखीम मंडळाची. त्या रात्री शेजारच्या गावात जास्त गाजणारं नाटक लागलं, की मंडळाचे पोरं डोक्याला हात लावतात. चार पैसे उरले तर ते देवळाला, शाळेला, गावच्या कामाला जातात. कंपनी पैसा कमावते हे खरंच. पण नाटक गावात आणते ती कंपनी नाही, गाव आणतं. तुम्हाला ‘धंदेवाईक’ म्हणून सांगणाऱ्यानं अर्धंच बघितलं आहे.

गाव नाटक का आणतं? पाहुण्यांसाठी. नाटकाची तारीख ठरली की सासरी दिलेल्या लेकींना निरोप जातो, जावई येतात, व्याही येतात, मामा-मावश्या येतात. घराघरात दहा-पंधरा माणसं जेवतात. उपवर पोरा-पोरींची बघाबघी नाटकाच्या निमित्तानं उरकते, सोयरिकी जुळतात. नवऱ्या मुलाकडच्या माणसांना मुलगी दाखवायची तर ‘या ना नाटकाले’ असं म्हणण्यात अवघडलेपण नसतं. पूर्वी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून नाटक लागायचं, दिवसा बैलांच्या जोड्या पळायच्या, रात्री पडदा वर जायचा. लाखनीचा पट असाच जुना आणि गाजलेला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या तेव्हा कितीतरी गावांत दिवसाचा कार्यक्रम गेला, आणि त्याच्याबरोबर रात्रीचाही डळमळला. 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली, 2023 च्या मेमध्ये घटनापीठानं कायदा कायम ठेवला, तेव्हापासून पट परत भरू लागले. मुक्या जनावराचे हाल होऊ नयेत हे मलाही पटतं. पण पट बंद झाल्यावर नुसता बैल थांबला नव्हता, हेही बघितलेलं आहे.

नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं, पहाटे चार-पाचला संपतं. पहिली नांदी. त्यानंतर सामाजिक नाटक, म्हणजे भावाभावांचं शेतीवरून भांडण, दारू, हुंडा, सुनेचा छळ, कर्जात बुडालेला शेतकरी. मध्ये विनोद, मध्ये लावणी, मध्ये सिनेमाच्या चालीवरचं गाणं. सुशिक्षित माणूस नाक मुरडतो, की शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर लगेच लावणी कशी? सहा तास थंडीत बसलेल्या माणसाला तुम्ही सलग रडवून दाखवा, मग बोलू. मला स्वतःला खटकतं ते दुसरंच. नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि झाडीबोली येते ती फक्त विनोदी पात्राच्या तोंडी. आमच्या आई-बापाची बोली म्हणजे हसायची बोली, हे आम्हीच पसरवलं. अलीकडं झाडीबोलीतून नाटकं लिहिली जातात, साहित्य संमेलनं भरतात, तरी हंगामातलं गर्दीचं नाटक अजून त्याच वळणावर आहे. गंमत अशी की लोक लक्षात ठेवतात ते त्या विनोदी नटालाच. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा वडशात फटाके फुटले नसते तरच नवल.

बघायला बसाल तेव्हा तीन गोष्टींकडं लक्ष ठेवा. एक, विंगेतला प्रॉम्प्टर. नट वेगवेगळ्या गावांहून त्या दिवशी दुपारी-संध्याकाळी गोळा झालेले असतात, रोज गाव वेगळं, कधी नाटकही वेगळं. तालीम नावाची गोष्ट हंगामात फारशी नसते. अख्खं नाटक प्रॉम्प्टरच्या आवाजावर तरतं. चांगला प्रॉम्प्टर वाक्य देत नाही, वाक्याचा पहिला शब्द देतो आणि तोही नटाच्या श्वासाच्या आधी. दुसरं, वरून टांगलेले माइक. नट त्यांच्या खाली येऊन बोलतो. म्हणून इथल्या अभिनयात उभं राहण्याच्या जागा ठरलेल्या वाटतात आणि आवाज वर फेकलेला असतो. शहरी नट पहिल्यांदा येतो तेव्हा हळू, ‘नैसर्गिक’ बोलतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘आयकू नाई येत!’ दुसऱ्या अंकात तोही आमच्यासारखा बोलू लागतो. तिसरं आम्ही, मंचासमोर बसलेले वादक. ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड. गाणं कोणत्या पट्टीत सुरू होईल हे कधी कधी गायक नटालाच ठाऊक नसतं. तो संवादाच्या शेवटच्या वाक्यात आवाज कुठं ठेवतो, ते ऐकून आम्ही स्वर धरतो. चपराक बसली की ऑक्टोपॅड, वीज कडाडली की ऑक्टोपॅड, आणि नायिका बापाच्या पाया पडली की सगळे थांबतात, फक्त ऑर्गनचा एक स्वर लांबवायचा. तिथं जास्त वाजवलं की गेलं.

मध्येच नाटक थांबेल आणि माइकवरून पुकारा होईल, की अमुक गावच्या पाहुण्यांकडून या गाण्याला पन्नास रुपये बक्षीस. वैतागू नका. बक्षिसात पैशापेक्षा गावाचं नाव महत्त्वाचं असतं, जावयानं सासरवाडीत आपल्या गावाचा पुकारा करून घेतलेला असतो.

नट्यांबद्दल एक सांगायला हवं. पूर्वी बायांची कामं पुरुषच करत. आता नागपूरकडून, बाहेरून मुली येतात. हंगामाचे चार महिने रात्रभर काम, पहाटे गाडी, दुपारी झोप, पुन्हा दुसरं गाव. त्या कमाईवर उरलेलं वर्ष. 2020-21 च्या करोनाच्या हंगामात मंडपच पडले नाहीत, तेव्हा किती वादक-नट मजुरीला गेले ते इथं सगळ्यांना माहीत आहे. नाटकानंतर भेटायला गेलात तर फोटोआधी दोन वाक्यं कामाबद्दल बोला.

भजनाचाही उल्लेख करतो, कारण त्याशिवाय आमचं संगीत समजत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909-1968) खंजेरी या भागात खोलवर रुजली आहे. चिमूरजवळच्या गोंदोड्याला त्यांची तपोभूमी आहे, आणि 1942 च्या ऑगस्टात चिमूर पेटलं त्यामागं त्यांच्या भजनांचा हात होता. आजही गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. संध्याकाळी गावात असलात तर मागं जाऊन बसा. आमच्यातले निम्मे वादक तिथं घडले. पोळ्याला आलात तर बैलांच्या तोरणाखाली झडत्या ऐकायला मिळतील. एक जण चार ओळींत दुसऱ्याची जिरवतो, शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’. पण तो पावसाळा, तुमच्या वेळेत बसत नाही.

जेवणाचं बोलू. भात हा मुख्य, बाकी सगळं त्याच्या बाजूनं. एचएमटी तांदूळ तुम्ही पुण्यातही खात असाल. तो इथला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या पटेल-3 धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या म्हणून त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. नाव पडलं त्या काळच्या एचएमटी घड्याळावरून. थोडीशीच शेती असलेला माणूस. 2018 साली गेले. नांदेडवरून जाणार असाल तर थांबा, बघायला काही स्मारक वगैरे हवंच असं नाही.

नाटकाच्या दिवशी घरात वडे-सुवारी होणार. सुवारी म्हणजे तुमची पुरी. वडे उडदाचे किंवा लाखोरीचे. लाखोरी म्हणजे लाखेची डाळ. तिच्यावर दोन शब्द, कारण शहरातून आलेली माणसं ऐकून घाबरतात. धान उभा असताना ओल्या बांधीतच लाखोरी फेकतात, नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही, आयतं दुसरं पीक. दुष्काळात महिनोन्‌महिने फक्त लाखच खाल्ली तर पाय लुळे पडतात हे खरं आहे, त्याच कारणानं 1961 साली महाराष्ट्रात तिच्या विक्रीवर बंदी आली होती, पुढं ती उठली. भाताबरोबर, इतर डाळी-भाज्यांबरोबर, भिजवून पाणी टाकून केलेले चार वडे खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. बंदीच्या काळातही आमच्या घरी लाखोरी शिजत होती, कारण ती आमच्याच बांधीत होत होती.

याशिवाय कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे धिरडी. भाजीत ‘सांबार’ घालू का असं विचारलं तर दचकू नका, कोथिंबीर आहे ती. तलावाकाठच्या गावात ढिवरांकडची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाकडची, मासोळी मागा. मरळ मिळाली तर नशीब, झिंगे मात्र हमखास, वाळवलेलेही. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि जंगलातले टेकोडे, म्हणजे अळंबी, पावसाळ्यातच. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात. दिवाळीनंतर कुणी ताजी मोहफुलं म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका. हॉटेलात यातलं जवळजवळ काहीच मिळणार नाही. वडशा-ब्रह्मपुरीच्या हॉटेलांत तुम्हाला पनीर मिळेल.

वेळ उरला तर आरमोरीकडं ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पिकवतो ते बघा. गोंडी लोकांचा मोठा मेळा कचारगडला, सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला भरतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याची आणि गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडची जत्रा महाशिवरात्रीला. तुमच्या दिवसांत यातलं काही येत नाही. गडचिरोलीच्या आतल्या गावांत आदिवासींचा रेला नाच ‘बघायला’ म्हणून गाडी करून जाऊ नका. तिथं कुणाशी ओळख असेल, त्यानं बोलावलं असेल तर जा.

आता तुमच्या आठ-दहा दिवसांचं. दिवाळीनंतर लगेच मंडई आणि दंडार भरपूर मिळतील, नाटकाचा हंगाम मात्र नुकता उघडलेला असेल. दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबरचा शेवट धरा. भारी धान तेव्हा कापणीवर असतो, गावं थोडी घाईत असतील, पण दोन्ही सापडतं. फक्त नाटक हवं असेल तर जानेवारी. मुक्काम साकोली, ब्रह्मपुरी किंवा वडसा, तिथून रात्री गावं गाठता येतात. स्वतःची गाडी ठेवा, पहाटे पाचला बस नसते. थंडी तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असेल, तलावाकाठच्या गावात तर फारच, म्हणून जाड घोंगडी किंवा ब्लँकेट आणा. तिकीट खुर्चीचं आणि खालचं असं वेगळं असतं. खालचं काढा. तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, सतरंजी टाकून बायाबापड्या, लेकरं घेऊन लोक बसतात, नाटक तिथूनच दिसतं. खुर्चीवरून फक्त मंच दिसतो.

वडशाला उतरलात की कुठल्याही कंपनीच्या कार्यालयात शिरा, भिंतीवर तारखा आणि गावांची नावं लिहिलेली असतात. तुमच्या तारखेचं गाव निवडा आणि त्या गावच्या मंडळाच्या पोरांचा नंबर मागून घ्या. सकाळीच फोन करून सांगा की आम्ही इतके जण नाटकाला येतोय. ते विचारतील, जेवायला किती वाजता येता. नाही-नको करू नका, खरा आकडा सांगा, कारण घरात भात त्या हिशोबानं टाकतात. जाताना किलो-दोन किलो गोड न्या, आणि मंडळाची पावती फाडा.